रस्ता किती गुळगुळीत आहे हे मोबाईलने मोजून सायकलवाल्यांसाठी नकाशावर टाकता येईल का?

येईल, पण मोबाईल खिशात ठेवून नाही. मी तसं केलं आणि आठवडाभर स्वतःच्या मांडीची थरथर मोजत बसलो. फोन हँडलला घट्ट बांधा. होल्डर सैल असेल तर त्याचीच खडखड नोंदली जाते.

रस्त्यांची कामं करणारे लोक खडबडीतपणा आयआरआय (इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स) या निर्देशांकाने मोजतात. तो सायकलला फारसा उपयोगी नाही, कारण त्याचं गणित ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या कारच्या एका चाकावर आणि तिच्या सस्पेन्शनवर बेतलेलं आहे. कारला लांब उंचवटे जाणवतात, आपल्याला पेव्हर ब्लॉकमधल्या फटी. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. फटी २० सेंटीमीटरवर असतील तर मनगटाला सेकंदाला २५ हादरे! ते पकडायला फोनमधल्या त्वरणमापकाच्या सेकंदाला निदान १०० नोंदी हव्यात. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं मोफत अ‍ॅप त्यासाठी पुरतं. त्यात त्वरणाबरोबर जीपीएसही नोंदवता येतं.

जीपीएस मात्र साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतं, तीही काही मीटर इकडेतिकडे. म्हणून रस्त्याचे २०-२० मीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येकातल्या उभ्या त्वरणाचं वर्ग-माध्य-मूळ काढा (नोंदींचे वर्ग करा, त्यांची सरासरी घ्या, तिचं वर्गमूळ काढा). स्पीडब्रेकर वगळा. वेग आणि टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवा. वेग वाढला की तोच रस्ता जास्त खडबडीत दिसतो, त्यामुळे तुमचे आकडे दुसऱ्याच्या सायकलच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

नकाशावर हा आकडा टाकायचाच नाही. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही बदल करता येणाऱ्या मोफत नकाशावर ‘स्मूदनेस’ हा टॅग आहे आणि त्याची पट्टी मला फार आवडते: रस्त्यावरून कोणतं चाक जाईल, एवढंच ती विचारते. स्केटिंगची चाकं चालली तर ‘एक्सलंट’, रेसिंग सायकलचं बारीक टायर चाललं तर ‘गुड’, साधी शहरी सायकल किंवा व्हीलचेअर चालली तर ‘इंटरमीजिएट’, त्याखाली ‘बॅड’. आकडे पाहून रस्ता कुठे बदलतो ते शोधा, तिथे उतरून डोळ्यांनी बघा, मगच टॅग लावा.

एका खड्ड्यासाठी अख्खा रस्ता ‘बॅड’ करू नका. मी केला होता. खड्डा दिवाळीपर्यंत बुजला, नकाशावरचा रस्ता मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच वाईट राहिला.