वारली गाणी टिपायला निघालीस, तर आधी हे ऐक

डहाणू-तलासरीकडे जाणार म्हणतेस, तर फोन पहिल्याच दिवशी बाहेर काढू नकोस. आधी दोन दिवस नुसती बस, मिळालं तर भात निवडू लाग.

धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, तिचं गाणं लग्नातलं. भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते, तेव्हा ती गाते. ते गाणं म्हणजेच विधी. 'आजी, एकदा म्हणून दाखवा ना' असं आडदिवशी म्हटलंस, तर दोन ओळी मिळतील, त्याही तुझं मन राखायला. मी ही चूक केली आहे. बोलावणं येईपर्यंत थांब.

कणसरी ही धान्याची देवता. तिची कथा घांगळीवर लावतात. घांगळी म्हणजे बांबूच्या दांड्याला दोन भोपळे लावलेलं तंतुवाद्य. ओळी परत परत येतात, त्या गाळू नकोस! पुस्तकात कंटाळवाण्या वाटतात. रात्री ऐकताना त्यांच्यावरच कथा चालते. शब्दही वारलीच ठेव, प्रमाण मराठी शेजारी दे. तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, ऐकायचा असेल तर भात पिकल्यावर जा.

भगत आजाऱ्यापुढे सुपात दाणे टाकून देवांची नावं घेतो, ते मात्र टिपू नकोस, तो म्हणाला तरच. झाडपाल्याची नावं तर छापूच नकोस. (ताप उतरत नसेल तर माणसाला आरोग्य केंद्रात घेऊन जा, वही राहू दे.)

आणि टिपलेलं परत नेऊन ऐकव. म्हाताऱ्या हसतात, चुका काढतात, आणि तेव्हाच राहिलेली कडवी आठवतात.