मुलीचा दिवाळी स्टॉल: आधी एवढं बघा
ताई, लेकीचं वय १२, म्हणजे सगळे व्यवहार तुमच्या नावावर ठेवा. अल्पवयीनाचा करार कायद्याने टिकत नाही. १४ वर्षांखालच्या मुलांनी घरच्या व्यवसायात शाळेनंतर किंवा सुट्टीत धोका नसलेलं काम केलेलं चालतं. लेकीच्या वयाची शेजारची मैत्रीण पगारावर बसवलीत, तर बालकामगार कायदा आडवा येतो.

पहिल्या वर्षी पणत्या, कंदील बरे. नेहमीच्या चुका:

- चकली-लाडू ‘घरगुती’ म्हणून नोंदणीतून सूट आहे असं समजणं. नाही! फॉस्कॉस या खाद्यव्यवसाय नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म ए भरा, प्राथमिक (बेसिक) नोंदणी वर्षाला १०० रुपये.
- घरी केलेलं उटणं विकणं. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला वेगळा परवाना लागतो.
- फुटपाथवर टेबल. पालिकेची गाडी उचलून नेईल. सोसायटीच्या आवारातच मांडा, समितीची लेखी परवानगी घेऊन.

फटाक्यांचं नावच काढू नका. जीएसटीचं पुढे बघू.