एक गाव धर

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज पहाटे वाचला. मोबाईलवर एवढं उत्तर लिहायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागद घेतला. तुझ्या बाबाच्या हाती पाठवते.

लडाखहून येऊन तीन आठवडे झाले, दोन हजारांवर फोटो आहेत, आणि कुणी ‘कसं होतं?’ विचारलं की ‘भारी होतं’ याच्यापुढं शब्द फुटत नाही, असं तू लिहिलंस. तुझ्या मेसेजमधलं ते एकच वाक्य मला खरं वाटलं. बाकीचे प्रश्न त्याच्यावर घातलेलं पांघरूण आहे. एम.ए.च्या प्रबंधाला गोम्पा, म्हणजे तिकडचे बौद्ध मठ घेऊ, व्यापार घेऊ की लडाख जिंकणारा डोगरा सेनापती जोरावरसिंग घेऊ? की प्रबंध सोडून महिलांच्या सहली नेणाऱ्या कंपनीत लागू? तुझं वाचन चांगलं आहे, पाय चांगले आहेत, धाडसही आहे. ते मी तुला सांगत बसणार नाही, तुला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: एक गाव धर.

तुझा अकरा दिवसांचा कार्यक्रम बघितला. लेह, खारदुंगला, हुंदर, तुर्तुक, पँगाँग, हानले, त्सो मोरिरी, मग मनालीमार्गे परत. मोटरसायकलवरून हे सगळं अकरा दिवसांत! त्यातले पहिले दोन दिवस साडेतीन हजार मीटर उंचीला शरीर रुळावं म्हणून नुसतं पडून राहायला हवं होतं, ते तू बाजारात फिरण्यात घालवलेस आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसलीस. हे वाचून मी खरंच रागावले. आपल्या मुली पन्हाळा ते पावनखिंड पावसात धावत जातात, म्हणून हिमालय त्यांना सूट देत नाही.

पण राग तुझ्यावर नाही. तू जे केलंस तेच मी आठ वर्षं केलं.

मी पहिल्यांदा गेले ती १९८६ साली. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं जम्मू, मग श्रीनगर, तिथून बसनं कारगिलचा मुक्काम करून दुसऱ्या संध्याकाळी लेह. लडाख पर्यटकांना खुलं होऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमचा गट निघायचा. परत आल्यावर मी स्लाइड शो करायची आणि इतिहासाची शिक्षिका असल्यामुळं गोष्टी रंगवून सांगायची. लेहचा नऊ मजली राजवाडा बांधणारा सेंगे नामग्याल, त्याची आई बाल्टिस्तानची मुसलमान राजकन्या ग्याल खातून. १६८३ च्या सुमारास इकडं औरंगजेब दख्खनेत संभाजीराजांच्या मागं लागलेला, आणि तिकडं त्याच्याच काश्मीर सुभ्याची फौज बासगोला लडाखच्या बाजूनं तिबेटी-मंगोल सैन्याशी लढत होती. त्यानंतर १६८४ चा तिंगमोसगांगचा तह झाला. पश्चिम तिबेटातली पश्मिना लडाखनं घ्यायची आणि काश्मीरला द्यायची, लडाखनं दर तीन वर्षांनी ल्हासाला लोपचाक नावाचा काफिला पाठवायचा, ल्हासाहून चहाच्या विटा घेऊन चापा नावाचा तिकडचा काफिला यायचा. टाळ्या पडायच्या. लहानपणी टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची ती वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती बघितल्यापासून मला व्यापारी वाटांचं वेड होतं, ते या गोष्टींनी भागायचं.

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण त्या सगळ्या मी करवीर नगर वाचन मंदिरात बसून, पुस्तकं काढूनही सांगू शकले असते. लडाखला जाऊन मी काय आणलं होतं? काही नाही. एक गाव धरलं नव्हतं.

गाव मला धरावं लागलं ते आजारपणानं. १९९४ साली शाम भागातल्या, म्हणजे लेहच्या खालच्या अंगाच्या एका गावात मला ताप भरला आणि गट पुढं गेला. नऊ दिवस मी एका घरच्या चुलीजवळ होते. सहाव्या दिवशी बाहेर आरडाओरडा ऐकला. दोन बायका फावडी घेऊन पाटावर उभ्या आणि मध्ये एक माणूस हात पसरून. पोरी, मी कागल तालुक्यातली. पाण्यावरनं चाललेलं भांडण ओळखायला मला भाषा लागत नाही. मधला माणूस कोण ते विचारलं, तर म्हणाले, ‘चुर्पोन’. म्हणजे आपला पाटकरी! गावानं हंगामापुरता नेमलेला, कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी ते ठरवणारा.

तेव्हा माझ्या डोळ्यांवरची झापड गेली. लेहला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या गगनबावड्यात एका पावसाळ्यात पडतो तेवढा तिकडं कितीतरी वर्षांत पडत असेल. तिथं शेती पिकते ती वरच्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाणी आणणाऱ्या मोठ्या पाटाला ‘मायुर’ म्हणतात, म्हणजे आई-पाट, त्याला फुटणारे लहान पाट ते ‘यूरा’, आणि रात्री पाणी साठवायचं तळं म्हणजे ‘झिंग’. वसंतात ‘साका’ झाल्याशिवाय, म्हणजे जमिनीचं तोंड उघडण्याचा विधी झाल्याशिवाय, नांगर लागत नाही. आणि बार्लीची पेरणी बहुधा मे महिन्यात, नेमकं पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा. बर्फ अजून पुरतं वितळलेलं नसतं. ओढाताण त्याच दिवसांत होते. शेतात पाणी वळवायला आपल्याकडं ‘दारं धरणं’ म्हणतात ना, ते तिथल्या बायका दगड, गवताची ढेकळं आणि जुन्या चिंध्या लावून करतात. मी उठता येऊ लागल्यावर तीन दिवस त्यांच्याबरोबर दारं धरली.

एकदा पाणी दिसलं की बाकीचं त्याच्यामागं दिसायला लागतं. तिकडं एका घरात सगळ्या भावांची मिळून एकच बायको असायची, हे पर्यटक चघळत बसतात. त्याच्याविरुद्ध १९४१ साली कायदा झाला. पण ती चाल होती कशासाठी? आपल्याकडं वाटण्या होत होत माणसं गुंठ्यांवर आली. तिथं जमीन वाटली तर पाण्याची पाळी वाटावी लागणार, आणि तेवढ्या पाण्यात दोन घरं जगणार नाहीत. म्हणून घर फुटू द्यायचं नाही. थोरल्याच्या हाती कारभार गेला की आईबाप शेजारच्या लहान घरात राहायला जायचे. धाकट्यांपैकी एखादा गोम्पात. तू ज्या गोम्पांचे फोटो काढलेस, त्यातल्या लामांचा हिशेबसुद्धा शेवटी पाटाच्या पाण्याला येऊन मिळतो. हे मला एकाही स्लाइडमध्ये दिसलं नव्हतं.

मग ‘फास्पुन’. काही घरं एकच कुलदैवत मानतात, ती एकमेकांची फास्पुन. भावकी म्हणावी, तर रक्ताचं नातं असावंच लागतं असं नाही. घरात माणूस गेलं की घरच्यांनी फक्त शोक करायचा, प्रेताचं सगळं फास्पुननं बघायचं. मी हे १९९६ साली डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन आठ दिवस कुणाशी नीट बोलले नाही. आपल्याकडं स्मशानासाठी शेणी दान करतात, त्याचा अर्थ मला तिथं नव्यानं लागला.

तू म्हणशील, बाई एका गावाचं कौतुक किती करतात. करणार. कारण त्याच्यापायी मी बोलणी खाल्ली आहेत. १९९५ साली आमच्या गटानं पँगाँगचा बेत ठरवला, आणि मी शामच्या बसमध्ये बसले. त्यांनी मला आडमुठी म्हटलं, पुढच्या वर्षीपासून बोलावणं बंद केलं. ‘त्याच त्या गावात काय ठेवलंय?’ हे माझ्या सख्ख्या बहिणीनं मला लग्नाच्या पंगतीत, चार माणसांत विचारलं. एका प्रकाशकानं लडाखवर दोनशे पानांचं पुस्तक मागितलं तेव्हा मी नाही म्हणाले. अकरा वेळा जाऊन आलेल्या बाईला पुस्तक लिहिता येत नाही, असं लोक बोलले. पण मला लडाख ठाऊक नव्हतं, एक गाव थोडंसं ठाऊक होतं, आणि त्यांना गाव नको होतं. मी चुकले नाही. आजही मी तेच उत्तर देईन.

चुकले ते दुसरीकडं, आणि ते तुला सांगायला हवं.

गावात एक म्हातारबाबा होते. पोरवयात ते किरायाकशांबरोबर, म्हणजे भाड्यानं घोडी हाकणाऱ्यांबरोबर, यारकंदच्या वाटेवर गेलेले. लेहहून खारदुंगला, मग सासेरला, मग साडेपाच हजार मीटरवरची काराकोरमची खिंड. १९४९ च्या सुमाराला ती वाट बंद पडली, म्हणजे ती पायाखालून गेलेली अगदी शेवटची माणसं ही. १९९८ च्या एका संध्याकाळी ते बोलू लागले. वाट चुकत नाही, कारण मेलेल्या जनावरांची हाडं वाट दाखवतात. घोडं बसलं की ओझं दुसऱ्यावर चढवायचं आणि मागं वळून बघायचं नाही. माझ्याजवळ टेपरेकॉर्डर होता आणि साठ मिनिटांच्या सहा कॅसेट. सहाच्या सहा मी आधीच्या आठवड्यात गोम्पांमधले ढोल आणि कर्णे भरून संपवल्या होत्या! एक पुसून त्यावर म्हातारबाबांना घ्यावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी ते केलं नाही. ढोल छान आले होते. पुढच्या वर्षी येईन म्हटलं.

पुढच्या वर्षी कारगिलचं युद्ध झालं. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेची कामं निघाली. २००१ साली गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं मला दारातच हात धरून आत नेलं आणि रिकाम्या जागेकडं बोट केलं. ढोलांच्या त्या कॅसेट कपाटात आहेत. मी त्या लावत नाही.

म्हणून सांगते, आणि पुन्हा सांगते, एक गाव धर, आणि चारही ऋतूंत जा. उन्हाळ्यात गाव कामात असतं, तुझ्याशी बोलायला कुणाला सवड नसते. हिवाळ्यात जा. सदतीस वर्षांची नोकरी संपवून मी पहिल्यांदा डिसेंबरात गेले. रात्री उणे पंधराच्या खाली, सगळं घर एका चुलीभोवती, हातात लोकरीचं काम आणि लोणी-मिठाचा गुरगुर चहा. केसर राजाची गाथा हिवाळ्याच्या रात्रीच सांगायची असा तिकडचा रिवाज. उन्हाळ्यात येणाऱ्याच्या कानावर ती पडणार कशी? लडाखी लोसार, म्हणजे नव्या वर्षाचा सणही तेव्हाच असतो. जाम्यांग नामग्यालला बाल्टिस्तानवर चालून जायचं होतं म्हणून त्यानं नवं वर्ष दोन महिने अलीकडं आणलं, असं सांगतात. त्या रात्री पेटत्या मशाली घेऊन पोरं ओरडत गावाबाहेर धावली, तेव्हा मी खिडकीत उभी राहून रडले. बासष्टाव्या वर्षी.

चेवांग नोर्फेल यांचं नाव तू ऐकलं असशील. सरकारी इंजिनिअर. हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून सोडून दिलेलं पाणी सावलीत गोठून राहतं, हे त्यांनी बघितलं आणि गावांच्या वर डोंगराच्या सावलीत पाटाचं पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या. ते बर्फ एप्रिल-मेमध्ये वितळतं, नेमकं पेरणीच्या पाण्याला. तो वाहता नळ जूनमध्ये गेलेल्या माणसाला दिसत नाही. आणि हल्ली लेहमधली हॉटेलं बोअर मारून जे पाणी उपसतात, ते कुणाच्या तोंडचं, हेही पाटावर बसल्याशिवाय कळत नाही.

आता तुझे प्रश्न. सहलीच्या कंपनीत लागायचं तर लाग, पोटाला लागतंच. पण वर्षातले दोन महिने बिनपगारी मागून घे, आणि गावात काढ. प्रबंधाला जोरावरसिंग नको. १८३४ ची स्वारी, १८४१ चा तिबेटातला मृत्यू, १८४२ चा चुशूलचा तह, यावर पुष्कळ लिहून झालंय. त्यापेक्षा एका गावाचा पाट घे. पाळी कशी ठरली, कधी मोडली, भांडणं कुणी मिटवली, तरणी पोरं लेहला गेल्यावर चुर्पोन कोण होतं. तुझ्या मार्गदर्शकांना हे इतिहासाचं वाटणार नाही. भांड. मोठ्या गोम्पाचं गाव निवडू नकोस, तिथं सगळ्यांनी गर्दी केली आहे. माझं गाव कुठलं ते मी तुला सांगणार नाही. तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. तुझं तू शोध.

आणि लडाखी शीक. नुसत्या ‘जुले’वर, म्हणजे नमस्कारावर भागवू नकोस. मला ती मोडकीतोडकीच आली, म्हणून म्हातारबाबांचं निम्मं बोलणं दुभाष्या पोराच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि त्या पोराला जेवायची घाई होती.

रविवारी चारनंतर ये. माझ्या सात वह्या काढून ठेवते, त्यातली चौथी पाण्याची आहे. ती तू घेऊन जा. बाकीच्या इथं बसून वाच, घराबाहेर नेऊ देणार नाही.

त्याआधी एक काम कर. तुझ्या मामांचा ऊस राधानगरीकडं आहे ना? त्यांच्या पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी कोण ते विचार, आणि एक रात्र त्याच्याबरोबर काढ. बॅटरी, काठी, गमबूट घे. फोटो काढू नकोस. कुणाचं दार आधी मोडतो आणि कुणाचं मागं ठेवतो, ते बघ, आणि रविवारी मला ते सांग.

तुझी,
बाई