‘छातीत गाठ’, पण छातीत कुठं?

कोल्हापूरहून विचारलंय: वडिलांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘अँटेरिअर मेडियास्टायनल मास’ लिहिलंय, त्याला मराठीत ‘छातीत गाठ’ म्हटलं तर चालेल का?

चूक नाही, पण अपुरं आहे. बाईच्या बाबतीत तर फसवं, कारण ‘छातीत गाठ’ म्हटलं की ऐकणारा स्तनातलीच समजतो. ‘मास’चं ‘मांस वाढलंय’ तर करूच नका. स्कॅनमध्ये गोळा दिसला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तो कॅन्सरचा की साधा, हे त्यात नाही.

मेडियास्टिनम म्हणजे दोन फुफ्फुसांमधली जागा. पुढं छातीचं मधलं हाड, मागं पाठीचा कणा. परिभाषेतली ‘मध्यस्थानिका’ घरात कुणाला कळायची नाही. जुनी मराठी गाठीला जागेवरून नाव द्यायची: गळ्यात गंडमाळ, जांघेत अवधाण. तीच रीत इथं धरावी. ‘अँटेरिअर’ म्हणजे पुढची; तिला म्हणा ‘छातीच्या हाडामागची गाठ’.

जागेसोबत वयही सांगावं, कारण त्या दोन्हींवरून डॉक्टर अंदाज बांधतात. हाडामागची गाठ चाळिशीनंतर बऱ्याचदा थायमस ग्रंथीची, म्हणजे थायमोमा. अशा रुग्णांपैकी ३० ते ५० टक्क्यांना मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असतो: संध्याकाळकडं पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात. हे आवर्जून सांगा. थायरॉईडची वाढही गळ्यातून खाली उतरून तिथं येते. त्याच जागी विशी-तिशीत लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) किंवा जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींची गाठ) यांचा विचार आधी होतो. तरुण पुरुषाचं रक्त एएफपी आणि बीटा एचसीजीसाठी तपासतात; जर्म सेल ट्यूमरमध्ये हे रक्तातले घटक वाढू शकतात. तान्ह्या बाळात थायमस मुळातच मोठी असते, एक्स-रेत ती गाठीसारखी दिसू शकते.

‘मिडल’ म्हणजे श्वासनळीलगतची. तिथं सुजलेल्या लसीकाग्रंथी असतात, आपल्याकडं टीबीच्याही, नाहीतर जन्मजात पाण्याची गाठ. ‘पोस्टेरिअर’ म्हणजे कण्यालगतची, बहुधा मज्जातंतूची: मोठ्यांत सहसा साधी, पण ५ वर्षांच्या आतल्या मुलात न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे कॅन्सर, असू शकतो.

आणखी एक शब्द जपून वापरा. नुसतं ‘दम लागतो’ म्हटलं की दमा समजला जातो. ‘उताणं झोपलं की धाप लागते, उठून बसलं की बरं वाटतं’ असं असेल, तर तसंच सांगा. गाठ श्वासनळीवर दाबत असेल तर भूल देताना श्वास अडकू शकतो. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याआधी हे डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे.