एमएसडब्ल्यू करून प्राध्यापक-संशोधक होण्यात काही राम आहे का?

तुम्ही लिहिलंय की घर दापोलीजवळ, बीए झालंय, समाजकार्य शिकवायचं आणि संशोधन करायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात यात राम नाही. मी मूळची गुहागरची, गेली अठरा वर्षं हेच करतेय, म्हणून मोकळेपणाने सांगते.

दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, त्यात खुल्या प्रवर्गाला किमान ५५ टक्के, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. पुढे बढती हवी तर पीएचडी लागतेच. कायम जागा मात्र फार थोड्या निघतात. मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर काढली, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हातात एक रुपया यायचा नाही. घरच्यांची काळजी खोटी नाही.

कॉलेज निवडताना तिथे क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचं काम, कसं करून घेतात ते आधी विचारा. टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात १९३६ मध्ये झाली तीच मुंबईत नागपाड्याच्या वस्तीकेंद्रात, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठी चालणाऱ्या केंद्रात. हा विषय वर्गात बसून येत नाही.

पीएचडीसाठी मी हर्णै बंदरावर मासळी विकणाऱ्या बायकांना भेटत होते. प्रश्नावलीत 'मासिक उत्पन्न' असा रकाना होता. संध्याकाळचा लिलाव उरकत आलेला, एक मावशी टोपली आवरत म्हणाल्या, "म्हयन्याचं काय विचारतेस बाय? हंगामाचं विचार." जून-जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत घर उसनवारीवर चालतं. बोट परत लोटायची तर डिझेल आणि जाळ्यांसाठी पुन्हा उचल, आणि ज्याची उचल त्यालाच मासळी द्यायची, तो म्हणेल त्या भावाने. महिन्याच्या रकान्यात यातलं काहीच मावत नव्हतं. मार्गदर्शक बाईंनी सगळी प्रश्नावली नव्याने करायला लावली. वर्ष लांबलं, पण ते वर्ष सोन्याचं ठरलं.

प्रबंध इंग्रजीत होता. सादर करायच्या आधी त्याचा मराठी गोषवारा मी देवळाच्या सभामंडपात बसून बायकांना वाचून दाखवला. तुम्हीही हे कराच, कोणी सांगितलं नाही तरी. खर्चाचा तक्ता वाचून झाल्यावर त्याच मावशींनी विचारलं, "आणि बर्फाचे पैसे गं?" ते तक्त्यात नव्हते. त्या रात्री मी तिथेच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर जाऊन एकेकीला बर्फाचा हिशेब विचारला.