सातबाऱ्यावर नाव नाही, मग पीककर्ज कसं?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची तीन एकर जमीन. वाटणी आधीच झालेली, सातबारा माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावावर. ते दोन वर्षांपूर्वी वारले. तूर, ज्वारी सगळं मीच बघते. दोन लहान मुलं आणि सासूबाई आहेत. सोसायटीत पीककर्ज मागितलं तर सचिव म्हणतात, तुमचं नाव कुठाय? दीर म्हणतात, नावाची कशाला घाई, पैसे मी देतो. बियाण्यासाठी फायनान्सवाल्यांचं कर्ज काढलंय, आठवड्याला हप्ता. काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सचिव नियमाचं बोलले, पण अर्धंच. नाव कसं लागतं तेही सांगायला हवं होतं. सोलापुरात बँकेच्या शेतीकर्जाच्या टेबलावर मी नोकरी केली. कसणारी बाई समोर उभी आणि सातबाऱ्यावर गेलेला नवरा, अशी प्रकरणं तिथं नेहमीची.

आधी वारस नोंद करा. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. वारस म्हणजे तुम्ही, मुलं आणि सासूबाई. दीर नाहीत, त्यांच्या संमतीची गरज नाही. मुलं अज्ञान असल्याने त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून तुमचं नाव लागेल. तलाठी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद धरतात, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. दिरांचं मन चांगलं असेलही, पण ‘सोयीसाठी’ म्हणून कुणी हक्कसोडपत्र पुढं केलं तर सही करू नका.

नवा सातबारा हातात आला की ‘इतर हक्क’ रकाना वाचा. मालकांच्या नावचा सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद असेल तर बाकी किती ते लेखी मागा. ती थकीत असली तर नवं कर्ज अडतं, आणि इथंच बऱ्याच बायका थांबतात. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. बसून हिशोब करा. जमिनीचं खातं सामाईक राहील, तेव्हा सासूबाईंचं संमतीपत्र लागेल. ते आत्ताच बोलून ठेवा.

मग सोसायटीचं सभासदत्व स्वतःच्या नावाने घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की ही सवलत गेली. सोसायटीने टाळाटाळ केली तर बँकेत किसान क्रेडिट कार्ड मागा. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही.

फायनान्सचं म्हणाल तर आठवड्याचा हप्ता दूधवालीला झेपतो. तुमच्या तुरीचे पैसे जानेवारीच्या आसपास एकदाच येतात, मधले हप्ते मजुरीतून किंवा दुसऱ्या कर्जातून जातात. म्हणून तिथून आणखी उचल घेऊ नका. तोवर गावातल्या बचत गटात असाल तर अंतर्गत कर्ज मागा. पीककर्ज मिळालं तरी ते या हप्त्यांत घालू नका, नाहीतर जूनमध्ये बियाण्याला पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहावं लागेल.