पहिली लॉजिक चिप कुठली घ्यावी?
अरे, लगेच एफपीजीएच्या (हवं ते सर्किट आत रचता येणारी मोठी चिप) मागे लागू नकोस. झेड८० या जुन्या ८-बिट प्रोसेसरच्या बोर्डासाठी नुसतं ॲड्रेस डिकोडिंगच (पत्त्यावरून कुठली चिप जागवायची ते ठरवणं) हवंय ना? मग एटीएफ१६व्ही८ किंवा २२व्ही१० ही लहान प्रोग्रामेबल लॉजिक चिप घे. ५ व्होल्टवर चालते, डिप (दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेल्या) पॅकेजमध्ये मिळते, ब्रेडबोर्डवर सरळ बसते आणि पुसून पुन्हा लिहिता येते. पहिलीत ८ मॅक्रोसेल (एकेक आउटपुट घडवणारे लॉजिकचे तुकडे), दुसरीत १०. चिपमध्ये लिहिणारं यंत्र, म्हणजे प्रोग्रामर, मात्र वेगळा लागतो, खिसा खरा तिथे रिकामा होतो. स्वस्तातल्या जुन्या ‘गॅल’ (याच जातीच्या आधीच्या चिप) घेताना जपून. माझ्या पाचातल्या दोन घासून नवं नाव छापलेल्या निघाल्या!

काउंटर (मोजणी करणारी सर्किटं) वाढायला लागले की सीपीएलडी (जास्त मॅक्रोसेलची मोठी चिप) बघ. एक्ससी९५७२एक्सएलमध्ये ७२ मॅक्रोसेल आहेत, चालते ३.३ व्होल्टवर, पण इनपुटला ५ व्होल्ट सोसते. ईपीएम२४० या दुसऱ्या सीपीएलडीला तसे थेट ५ व्होल्ट देऊ नकोस. आणि प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावच.